जुन्या लष्करी ट्रकची बॅटरी कां उतरते ?

ज्या शेतकऱ्याजवळ जुना ट्रक आहे व त्या ट्रकची बॅटरी वारंवार उतरते, त्याची एक संवय परक्या माणसाच्याही नजरेंतून सुटत नाहीं. संध्याकाळीं गाडी घरीं आली कीं ती तो सपाट अंगणांत लावीत नाहीं. वाडीच्या वरच्या अंगास, तोंड उताराकडे करून ती उभी करितो व पुढच्या चाकाखालीं एक चिरा सरकवितो. सकाळीं सेल्फ फिरला तर उत्तमच. नाहीं तर चिरा काढावयाचा, गाडी उतारावर सोडावयाची व गिअर टाकून इंजिन चालू करावयाचें. आमच्याकडे, म्हणजे चिपळूण तालुक्यांत अलोऱ्याच्या बाजूस, जमीन सारी चढउताराची असल्यामुळें ही युक्ति फारच सोईची पडते.

आम्हींही तीन पावसाळे हेंच केलें. चौथ्या पावसाळ्यांत एका पहांटे भिजलेल्या जमिनीवरून चिरा आपणच निसटला व गाडींत कोणी चढण्यापूर्वींच ट्रक चालूं लागला. खालच्या खाचराचा बांध फोडून तो चिखलांत रुतला व थांबला. त्याच खाचरांत आदल्या दिवशीं आठ माणसें लावणी करीत होतीं. त्या पहांटे तेथें कोणी नव्हतें, एवढेंच आमचें सुदैव.

त्या दिवशीं आमच्या एक गोष्ट ध्यानांत आली. उतरलेली बॅटरी ही केवळ खोळंब्याची बाब नसून ती जिवाशीं गांठ घालणारी आहे. ज्या गाड्यांचे ब्रेक इंजिनानें भरलेल्या हवेवर चालतात त्यांत हवेची टांकी रिकामी असतां गाडी उतारावर सोडणें म्हणजे तिच्यावरील ताबाच सोडणें होय. घाटांत रात्रीं दिवे मंद झाले तर काय होईल हें सांगावयास नको. म्हणून आम्हीं या दोषाचें मूळ शोधून काढण्याचें ठरविलें. त्यापूर्वीं आम्हीं दोनदां नव्या बॅटऱ्या घेतल्या होत्या व एकदां डायनॅमोचें वाइंडिंग नवें भरून आणलें होतें. मूळ सांपडलें तें मात्र एका बोल्टाच्या बुडाशीं. तें कसें सांपडलें व इतरांनीं आपल्या गाडींत तें कसें शोधावें, हें या लेखांत सांगावयाचें आहे.

या गाड्या शेतकऱ्यांकडे कशा आल्या :— दुसरें महायुद्ध १९४५ सालीं संपल्यावर दोस्त सैन्यांच्या जीप व ट्रक मोठ्या संख्येनें या देशांत शिल्लक राहिले व ते विकण्यांत आले. फोर्ड, शेव्हरोले, डॉज या जातींच्या त्या गाड्यांनीं पुढें कित्येक वर्षें खासगी वाहतुकीचें ओझें वाहिलें. १९५९ पासून मान या जर्मन कंपनीच्या परवान्यानें जबलपूर येथें शक्तिमान ट्रक तयार होऊं लागला, व सैन्यांतून निवृत्त झालेल्या अशा गाड्याही लिलावाच्या वाटेनें नागरिकांच्या हातीं आल्या. त्या उंच असतात, पुढच्या व मागच्या दोन्ही चाकांस जोर मिळत असल्यामुळें चिखलांतून निघतात, आणि त्यांचा सांगाडा भक्कम असतो. शेणखत, चिरे, भाताचीं पोतीं व आंब्याच्या पेट्या वाहण्यास त्या चांगल्या. मात्र घेतांना नोंदणीचे व पात्रतेचे कागद परिवहन कार्यालयांत आधीं पारखून घ्यावेत.

विजेच्या बाबतींत या सर्व गाड्या सारख्या नाहींत. महायुद्धांतील अमेरिकन जीप ६ व्होल्टची होती. युद्धानंतर लष्करी गाड्यांत २४ व्होल्टची पद्धत रूढ झाली. आमच्या ट्रकवर १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकीमागून एक जोडून २४ व्होल्ट केलेले आहेत. पुढें दिलेले आंकडे अशा गाडीचे आहेत. ज्यांची गाडी १२ व्होल्टची असेल त्यांनीं गाडीचे आंकडे निम्मे धरावेत.

विजेचा फेरा :— अलोऱ्याच्या शेतकऱ्यास वीज कशी होते हें निराळें सांगण्याची गरज नाहीं. कोयनेचें पाणी सह्याद्रीच्या पोटांतून पोफळीस येतें, तेथील यंत्रें फिरवून कोळकेवाडीच्या धरणांत सांठतें, आणि मग अलोऱ्याच्या वीजगृहांतील ८० मेगावॅटचीं चार यंत्रें फिरवून वाशिष्ठीस मिळतें. लोहचुंबक व तांब्याच्या तारेचें वेटोळें यांपैकीं एक दुसऱ्यासमोर फिरविलें म्हणजे तारेंत वीज उत्पन्न होते, हा नियम मायकेल फॅरडे यानें १८३१ सालीं दाखविला. वीजगृहांतील यंत्रें व ट्रकच्या इंजिनाशेजारचा डायनॅमो हीं दोन्ही याच एका नियमानें चालतात. तेथें पाणी फिरवितें, येथें इंजिनाचा पट्टा फिरवितो, इतकाच भेद.

परंतु विजेची एक रीत पाण्याहून निराळी आहे. पाटाचें पाणी शेतांत सोडलें कीं काम झालें. तें विहिरींत परत यावें लागत नाहीं. वीज मात्र जेथून निघाली तेथें परत यावीच लागते. या दृष्टीनें तिला पाटापेक्षां विहिरीवरील रहाटाच्या माळेची उपमा अधिक शोभते. भरलेले लोटे वर येतात व रिकामे लोटे खालीं जातात. माळ रिकाम्या बाजूस तुटली तरी पन्हळींत पाणी येणें थांबतें. रिकाम्या लोट्यांत कांहीं नसतें म्हणून त्या बाजूची दोरी कुजली तरी चालेल, असें कोणी म्हणत नाहीं.

ट्रकांत वीज जाण्याची बाजू डोळ्यांना दिसते. डायनॅमोपासून रेग्युलेटरच्या डब्यापर्यंत व तेथून बॅटरीपर्यंत जाड तार गेलेली असते. परत येण्याची बाजू मात्र तारेची नसते. बॅटरीचें दुसरें टोक एका पट्टीनें सांगाड्यास जोडलेलें असतें, आणि सांगाडा, इंजिन, ब्रॅकेट व डायनॅमोचें लोखंडी अंग असा वीज परतण्याचा मार्ग असतो. कारागीर यास अर्थिंग म्हणतात. बहुतेक गाड्यांत बॅटरीचें ऋण टोक सांगाड्यास जोडलेलें असतें, कांहीं जुन्या ब्रिटिश गाड्यांत धन टोक असतें. आपल्या गाडींत कोणतें आहे तें आधीं पाहून ठेवावें. हा अर्धा मार्ग दिसत नाहीं, म्हणून त्याची आठवणही राहत नाहीं. कोंकणांतील गंजाचें पहिलें भक्ष्य मात्र तोच असतो.

डायनॅमो, कटआउट व रेग्युलेटर :— इंजिन मंद चालत असतां डायनॅमोचा दाब बॅटरीच्या दाबापेक्षां कमी असतो. त्या वेळीं दोघांची जोडणी राहिली तर बॅटरीची वीज उलट डायनॅमोंत वाहून जाईल. म्हणून मध्यें कटआउट नांवाचें दार असतें. डायनॅमोचा दाब बॅटरीहून किंचित् वर गेला कीं तें लागतें आणि खालीं आला कीं सुटतें. इंजिनाचा वेग वाढला म्हणजे दाब बेसुमार वाढूं नये, याची काळजी रेग्युलेटर घेतो. २४ व्होल्टच्या गाडींत तो दाब सुमारें २८ व्होल्टांवर धरून ठेवितो. येथें एक गोष्ट विसरूं नये. रेग्युलेटर जेथें जोडलेला असतो तेथील दाब त्यास समजतो. बॅटरीपर्यंत त्यांतील किती पोंचला हें त्यास ठाऊक नसतें.

डिझेल गाडींत हा दोष लपून राहतो. पेट्रोलच्या इंजिनास ठिणगीसाठीं सतत वीज लागते; वीज संपली कीं तें वाटेंतच बंद पडतें व मालकास लगेच कळतें. जुनें डिझेल इंजिन एकदां चालू झालें कीं त्यास विजेची गरज उरत नाहीं. ट्रक दिवसभर काम करितो आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं सेल्फ फिरत नाहीं. मग आपण सारा दोष बॅटरीच्या माथीं मारितों. वास्तविक तिला आदल्या दिवशीं कांहीं मिळालेंच नव्हतें. उपाशी बैल नांगर ओढीत नाहीं म्हणून नवा बैल आणावा व त्यासही उपाशी ठेवावें, असा तो प्रकार होतो. शिवाय शिशाच्या बॅटरीचा स्वभाव असा, कीं ती फार दिवस रिकामी राहिली तर तिच्या प्लेटांवर कठीण थर बसतो व पुढें ती पुरती भरत नाहीं. अशा रीतीनें चांगली बॅटरीही मार्गाच्या दोषानें मरते.

तपासणीचा क्रम :— पुढील तपासणीस कांहींशे रुपयांचा एक मल्टिमीटर पुरे. क्रम मात्र मोडूं नये.

पहिली गोष्ट पट्टा. इंजिन बंद असतां दोन पुलींच्या मध्यें अंगठ्यानें दाबून पाहावें. सुमारें अर्धा इंच दबावा. याहून सैल पट्टा घसरतो, व घट्ट असल्यास बेअरिंग खातो.

दुसरी गोष्ट बॅटरीची प्रकृति. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळीं प्रत्येक बॅटरी निरनिराळी मोजावी. १२·६ व्होल्टांच्या आसपास असेल तर ती भरलेली, १२·२ असेल तर अर्धी, आणि १२ च्या खालीं असेल तर जवळजवळ रिकामी समजावी. दोन्ही बॅटऱ्यांचे आंकडे सारखे असावेत. ते सारखे नसतील तर त्याचें एक विशेष कारण असतें, तें पुढें सांगितलें आहे.

तिसरी गोष्ट भरणीचा दाब. इंजिन चालू करून मध्यम वेगावर ठेवावें व दोन बॅटऱ्यांच्या बाहेरच्या दोन टोकांवर मीटर लावावा. वाचन २७·५ ते २८·५ च्या दरम्यान आलें तर भरणी ठीक आहे, व दोष बॅटरींतच असावा. ३० च्या वर गेलें तर रेग्युलेटर बिघडला आहे. अशा गाडींत बॅटरीचें पाणी वारंवार आटतें. पंचवीसाच्या आसपासच राहिलें तर भरणी होत नाहीं असें समजून पुढें जावें.

चौथी गोष्ट डायनॅमोपाशींचा दाब. मीटरचें एक टोक डायनॅमोच्या वीज बाहेर पडण्याच्या टर्मिनलवर व दुसरें त्याच्या लोखंडी अंगावर, रंग खरवडून टेकवावें. येथेंही दाब चढत नसेल तर कार्बन झिजले आहेत काय, कॉम्युटेटरवर काजळी धरली आहे काय हें पाहावें, आणि नंतर डायनॅमो व रेग्युलेटर कारागिराकडून तपासून घ्यावे. डायनॅमोच्या जातीप्रमाणें या पुढील परीक्षेची रीत बदलते. तारा सोडून ती स्वतः करूं जाऊं नये. येथें दाब चांगला असून बॅटरीपाशीं पोंचत नसेल, तर यंत्र निर्दोष व मार्ग सदोष, हें निश्चित झालें.

पांचवी गोष्ट, व आमच्या मतें सर्वांत महत्त्वाची, मार्गांतील गळती. इंजिन चालू व दिवे लावलेले असतां मीटरचें एक टोक डायनॅमोच्या टर्मिनलवर व दुसरें बॅटरीच्या धन टोकावर ठेवावें. हीं दोन्ही एकाच मार्गाचीं टोकें असल्यामुळें मार्ग चांगला असतां मीटर जवळजवळ शून्य दाखवितो. जितके व्होल्ट दाखवील तितके वाटेंत खर्च होत आहेत असें समजावें. मग हीच परीक्षा परतीच्या बाजूनें करावी. एक टोक डायनॅमोच्या अंगावर, दुसरें बॅटरीच्या ऋण टोकावर. अर्ध्या व्होल्टाहून अधिक वाचन आलें तर तेथें खास दोष आहे.

आमच्या ट्रकांत काय निघालें :— डायनॅमोपाशीं २८ व्होल्ट होते व बॅटरीपाशीं २५·३. म्हणजे २·७ व्होल्ट वाटेंत नाहींसे होत होते. जाण्याच्या बाजूस ०·२ निघाले. परतीच्या बाजूस २·५. मीटरचें टोक बॅटरीकडून एकेक पायरी पुढें सरकवीत गेलों. सांगाडा ठीक, इंजिन ठीक, आणि ब्रॅकेटवरून डायनॅमोच्या अंगावर येतांच कांट्यानें उडी घेतली. ब्रॅकेटशीं डायनॅमोची अर्थिंग पट्टी ज्या बोल्टानें आवळली होती तो काढला, तेव्हां पट्टीखालीं निळ्या रंगाचा जाड थर व त्याखालीं लाल गंज दिसला. ब्रॅकेटच्या बसणीवरही तोच रंग होता.

तो रंग आमचाच. गाडी घरीं आणल्यावर लष्करी हिरवा रंग झांकून आम्हींच ती हौसेनें रंगविली होती, व इंजिनाचे सुटे भागही त्यांतून वगळले नव्हते. बॅटरीचें दुखणें त्यानंतर सुरू झालें, हें त्या वेळीं ध्यानांत आलें नाहीं. आमच्या गाडींत रेग्युलेटरची अर्थिंग तार डायनॅमोच्या अंगासच जोडलेली आहे. त्यामुळें तो आपल्याजवळचे २८ व्होल्ट पाहून स्वस्थ बसे, व बॅटरी उपाशी राही. वाइंडिंग भरणाऱ्या कारागिरानें डायनॅमो आपल्या मेजावर फिरवून दाखविला होता व तो उत्तम चालला होता. गाडीवर बसविला कीं पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. मेजावर परतीची तार थेट त्याच्या अंगास लावलेली असल्यामुळें रंगाचा अडथळा तेथें नव्हताच. एवढा ढळढळीत पुरावा समोर असतां आम्हीं कारागिरासच दोष दिला, हें कबूल केलें पाहिजे.

कानस व पॉलिशपेपर घेऊन बसणी चकचकीत होईपर्यंत घासली, पट्टी नवी घातली, बोल्ट आवळून वरून व्हॅसलिन लाविलें. बॅटरीपाशीं २७·८ व्होल्ट मिळूं लागले.

लष्करी गाड्यांतील दोन विशेष :— या गाड्यांत बॅटरी तोडण्याची मुख्य कळ पुष्कळदां असते. वर्षानुवर्षें न वापरल्यामुळें तिच्या आंतील तांब्यास हिरवा थर धरतो. पांचव्या गोष्टींत सांगितलेली परीक्षा या कळीच्या दोन टोकांवरही करावी. इंजिन चालू असतां ही कळ कधींही बंद करूं नये; विशेषतः ज्यांनीं डायनॅमो काढून अल्टरनेटर बसविला असेल त्यांनीं, कारण त्यांतील डायोड क्षणांत जळतात. अल्टरनेटर मंद वेगावरही भरणी करितो व हल्लीं तो बसविण्याकडे कल आहे. तथापि परतीचा मार्ग गंजलेला असेल तर तोही डायनॅमोइतकाच निरुपयोगी ठरतो.

दुसरा विशेष म्हणजे दोन बॅटऱ्यांतील एकीवरच भार टाकणें. बाजारांत दिवे, भोंगे, रेडिओ हे १२ व्होल्टचे सहज मिळतात. मग मालक काय करितो, दोहोंपैकीं एका बॅटरीवरून दोन तारा काढितो व दिवा लावितो. दिवा उत्तम लागतो व कांहीं बिघडलें असें वाटत नाहीं. परंतु भरणी दोघींतून सारखीच वाहते आणि खर्च मात्र एकीचाच होतो. ती बॅटरी दिवसेंदिवस रिकामी होत जाते, व दुसरी भरलेली असतांही भरणी खात राहून आपलें पाणी उकळून टाकिते. जोडींत एकच बैल रोज घाण्यास जुंपावा, चारा मात्र दोघांस समान घालावा, तशी ही गत. दोन बॅटऱ्यांचे आंकडे जुळत नाहींत त्याचें हें विशेष कारण. यास्तव १२ व्होल्टचें कांहीं जोडावयाचें असेल तर २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर मध्यें घालावा. त्याच कारणास्तव एक नवी व एक जुनी अशी बॅटऱ्यांची जोडी करूं नये. दोन्ही एकाच वेळीं, एकाच मापाच्या घ्याव्या.

पावसाळ्यापूर्वींची काळजी :— आमच्या भागांत वर्षास तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो व चार महिने हवेंत ओल असते. जेथें दोन धातु एकमेकांस भिडतात तेथें ती ओल शिरते. म्हणून वैशाखांतच अर्थिंगचे सर्व बोल्ट सोडून, घासून, पुन्हा आवळावे. वंगण घासल्यानंतर लावावें. गंजावर वंगण चोपडण्यानें गंज आंत सुरक्षित राहतो, इतकेंच. बॅटरीच्या टोकांवर धरलेला पांढरा-हिरवा खार गरम पाण्यांत खाण्याचा सोडा घालून धुवावा. तें पाणी बॅटरीच्या आंत जाऊं देऊं नये. बॅटरींत शुद्ध केलेलें पाणीच घालावें, विहिरीचें घालूं नये.

गाडी पंधरा दिवस उभी राहावयाची असेल तर अर्थिंगची तार सोडून ठेवावी. काम करतांना अर्थिंगची तार प्रथम सोडावी व शेवटीं जोडावी, म्हणजे पाना सांगाड्यास टेकून ठिणगी उडण्याचें भय राहत नाहीं. भरणी चालू असतां बॅटरींतून पेट घेणारा वायु निघतो. तिच्याजवळ विडी किंवा कंदील नेऊं नये. नेहमींच्या लहान फेऱ्यांनीं बॅटरी पुरती भरत नाहीं, म्हणून आठवड्यांतून एकदां तरी तासभर सलग गाडी चालवावी, किंवा घरच्या विजेवर चार्जर लावून ती भरून घ्यावी.

आमचा ट्रक आतां अंगणांत सपाट जागीं उभा असतो व सकाळीं सेल्फवर चालू होतो. ज्या बंधूंकडे अशा गाड्या असतील त्यांनीं नवी बॅटरी आणण्यापूर्वीं वर सांगितलेल्या पांच गोष्टी क्रमानें पाहाव्या. सर्व तपासणीस एक सकाळ पुरते. ती करण्यापूर्वीं मात्र गाडी उतारावरून खालीं आणून ठेवावी. आपल्या गाडींत काय निघालें तें त्यांनीं मासिकाकडे अवश्य लिहून पाठवावें, म्हणजे तो अनुभव इतरांच्याही उपयोगीं पडेल.